परक्या शहरात फील्डवर्क सुरू करताना: आधी काय, मग काय

फील्डवर्कवरून, म्हणजे लोकांत राहून केलेल्या अभ्यासावरून, परतलेल्या मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वह्या मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेक वह्यांत चूक एकच असते. मुलाखती पस्तीस-चाळीस, सगळ्या नीट उतरवलेल्या. पण ज्या गल्लीत त्या घेतल्या, ती गल्ली वहीत कुठेच नाही. तिथं सकाळी आधी कोण येतं, कोण कोणाला ओळख देतं, कोण आलं की बाकीचे आवाज खाली आणतात, यातलं काहीच नाही. मग प्रबंध लिहायला बसल्यावर लोकांनी दिलेल्या उत्तरांपलीकडे हाताशी काही उरत नाही. परत जायला तेव्हा ना पैसे असतात, ना व्हिसा.

ही मुलं कष्टाला कमी पडलेली नसतात. त्यांचा क्रम चुकलेला असतो. शहर परकं, महिने मोजके, मार्गदर्शकांना काहीतरी दाखवायचं असतं, आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवला की काम सुरू झाल्यासारखं वाटतं. म्हणून इथं सगळा भर क्रमावर आहे. आधी जागा आणि परवानग्या, मग भाषा, मग पायपीट, मग नुसतं तिथं असणं आणि टिपणं. मुलाखत सगळ्यात शेवटी.

टप्पा १: प्रश्न इतका लहान करा की त्याला पत्ता असेल
(निघण्याआधी साधारण वर्षभर)

गावाला वेस असते, शहराला नसते. 'अमुक शहरातले स्थलांतरित' हा विषय झाला, ती फील्ड नव्हे. शहराचा तुकडा पाडायच्या तीन रीती आहेत. एक, जागा धरा: एक बसडेपो, एक वाचनालय, नाणं टाकून मशीन चालवायची एक सार्वजनिक लाँड्री. दोन, काम धरा: रात्रपाळीचे सफाई कामगार, डिलिव्हरी करणारी मुलं. तीन, एखादी वस्तू धरून तिच्या मागे फिरा: दान केलेले जुने कपडे पेटीतून निघून कुठंकुठं जातात ते.

नवख्याने जागा धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कामामागे किंवा वस्तूमागे फिरायला ओळखी लागतात, आणि त्या तुमच्याकडे अजून नाहीत. जागेला तुम्ही रोज जाऊ शकता, कोणी बोलावलं नाही तरी.

तपासा: 'पोहोचल्यावर तिसऱ्या सोमवारी सकाळी नऊ वाजता मी नेमकी कुठं उभी असेन?' याचं उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. येत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे.

एक पर्यायी जागाही आधीच ठरवून ठेवा. ठिकाण बंद पडतं, मालक बदलतो, कोणीतरी सरळ नाही म्हणतं. दुसऱ्या जागेचा विचार घरी बसून केला असेल तर महिना वाचतो.

टप्पा २: परवानग्या, आणि त्याही क्रमाने

सर्वसाधारण क्रम असा: त्या शहरातल्या एखाद्या विद्यापीठाचं किंवा संशोधन संस्थेचं संलग्नतेचं पत्र, तुमच्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची (अभ्यासातल्या माणसांना अपाय होऊ नये हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, त्या देशाचा संशोधन परवाना, मग व्हिसा, आणि पोहोचल्यावर शहरपातळीवरच्या परवानग्या. एकाचा कागद दुसऱ्याला जोडावा लागतो, त्यामुळे मधली एक पायरी रखडली की पुढचं सगळं अडतं. म्हणून संलग्नतेचं पत्र सगळ्यात आधी मागा.

अनेक देशांत संशोधन परवान्याचं स्वतंत्र खातं असतं. केन्यात नॅकॉस्टी, टांझानियात कॉस्टेक, इंडोनेशियात ब्रिन. पर्यटक व्हिसावर जाऊन 'नुसत्या गप्पा मारतेय' म्हणणं धोक्याचं आहे. तुम्हाला परत पाठवतील ते वेगळंच, पण तुमच्याशी बोललेल्या माणसांकडेही चौकशी जाते.

एथिक्सच्या अर्जात दोन जागी विद्यार्थी हमखास घसरतात.

पहिली जागा संमतीची. ज्यांचे कागदपत्र अपुरे आहेत, ज्यांना सही म्हटली की पोलीस आठवतात, त्यांच्यापुढे तीन पानी फॉर्म ठेवला की संबंध तिथंच संपतो. तोंडी संमती चालते, पण त्यासाठी कमिटीची परवानगी आधी मागून घ्यावी लागते. अमेरिकेच्या २०१८ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांत, ज्या समूहात सही करण्याची रीत नाही तिथं लेखी फॉर्म माफ करण्याची तरतूद आहे, पण धोका अगदी कमी असला पाहिजे आणि संमती मिळाल्याची नोंद दुसऱ्या एखाद्या मार्गाने ठेवली पाहिजे. तोंडी काय म्हणणार, ते शब्द अर्जाला जोडा.

दुसरी जागा माहितीच्या सुरक्षेची. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. वंश, धर्म, राजकीय मतं, आरोग्य, लैंगिकता, कामगार संघटनेचं सदस्यत्व ही माहिती त्यात विशेष संरक्षणाची मानली जाते. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याची वही नेमकी याच गोष्टींनी भरलेली असते. त्यामुळे लॅपटॉपला एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय कोणाला काही वाचता येऊ नये अशी सोय), खरी नावं आणि बदललेली नावं यांची यादी वेगळ्या जागी, आणि नावं बदलायची पहिल्या दिवसापासून. 'घरी आल्यावर बदलेन' असं ठरवलं की ते होत नाही.

सावध: 'हे कधीच कोणाला कळणार नाही' असं वचन देऊ नका. बोस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांनी आपल्या हयातीत काही बाहेर येणार नाही या भरवशावर मुलाखती दिल्या होत्या. २०११ मध्ये समन्स निघाले आणि पुढे काही टेप पोलिसांच्या हाती गेल्या. १९९३ मध्ये अमेरिकेत रिक स्कार्स या समाजशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने माहिती देणाऱ्यांबद्दल ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) बोलायला नकार दिला, त्यासाठी त्याला १५९ दिवस तुरुंगात काढावे लागले. वचन द्यायचं ते एवढंच: 'टिपणांत तुमचं खरं नाव मी लिहिणार नाही, आणि ज्याने तुम्हाला त्रास होईल असं काही मी लिहूनच ठेवणार नाही.' यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. जी माहिती वहीत नाही ती कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

टप्पा ३: भाषा, पण तुमच्या जागेची

पुस्तकातली भाषा शिकून गेलेल्या विद्यार्थ्याला वर्तमानपत्र वाचता येतं, आणि बाकावर बसलेल्या दोघांचं एक वाक्य कळत नाही. निघण्याआधी व्याकरणाचा पाया हवाच. पण शेवटच्या दोन महिन्यांत लक्ष बदला: आकडे पटकन ऐकू येणं, वेळ सांगण्याची पद्धत, नात्यांचे शब्द, वयाने मोठ्याला आणि बरोबरीच्याला हाक कशी मारतात, आणि त्या भाषेत माणसं सभ्यपणे 'नाही' कसं म्हणतात. ही शेवटची गोष्ट कोणी शिकवत नाही. 'बघू', 'पुढच्या आठवड्यात', 'का नाही' यातला नकार ओळखता आला नाही तर तुम्ही त्या माणसाच्या मागे लागता, आणि तो तुम्हाला टाळू लागतो.

पोहोचल्यावर शिकवणी चालू ठेवा. पण शिक्षकाला तुमच्या जागेवर ऐकलेले शब्द न्या, पुढचा धडा नको.

दुभाषा घ्यावाच लागला तर त्याचं वय, लिंग, जात-वर्ग-वस्ती यातलं जे काही तिथं मोजलं जातं ते आधी पाहा. विद्यापीठातला हुशार, नीटनेटका दुभाषा बरोबर घेऊन गेलात की कामगार त्याच्याशी बोलतात, तुमच्याशी नाही. आणि जे बोलतात ते त्याला शोभेल असं.

तपासा: तुमची ओळख तीन वाक्यांत, त्या भाषेत, कागद न बघता सांगता येते का? कोण आहे, काय शिकतेय, यातून तुम्हाला काय मिळणार आणि काय मिळणार नाही. रोज दहा माणसं हेच विचारणार आहेत.

टप्पा ४: पहिले दोन आठवडे, वही पिशवीत

आधी स्वतःचा संसार लावा. घर, सिमकार्ड, आरोग्यविमा, जवळचं रुग्णालय, पत्त्याची नोंदणी. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. अशा मुदती देशोदेशी वेगळ्या असतात, त्या निघण्याआधीच कॅलेंडरवर टाका. घर शक्यतो तुमच्या जागेपासून चालत जाण्याजोगं घ्या. रोज तासभर प्रवास करावा लागला की तुम्ही 'कामाला' जाता आणि 'घरी' येता. संध्याकाळी सातनंतर तिथं काय होतं ते कधीच कळत नाही.

मग चाला. एका कागदावर आठवड्याचे सात दिवस आडवे आणि दिवसाचे सहा प्रहर उभे असा तक्ता आखा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, उत्तररात्र. बेचाळीस चौकोन होतात. उत्तररात्रीचे काही धोक्याचे असतील ते सोडा, बाकीच्यांत एकेकदा तरी जागेवर जाऊन या. बहुतेक विद्यार्थी सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच एवढंच बघतात, आणि मग लिहितात की 'इथं तरुण दिसत नाहीत.' तरुण रात्री नऊला येतात.

हाताने नकाशा काढा. छापील किंवा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घेऊन त्यावर खुणा करणं सोपं आहे, पण त्यात तुम्ही दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टी बघता. कोऱ्या कागदावर काढलात तर बाक कुठं आहे, सावली कुठं पडते, कॅमेरा कुणीकडे तोंड करून आहे हे तुम्हालाच बघावं लागतं. आणि मोजा. दारातून तासाला किती माणसं, त्यात किती एकटी, किती मुलांसह. हे आकडे पुढे छापायचे नसतात. तीन महिन्यांनी 'गर्दी वाढल्यासारखी वाटते' असं मनात येईल तेव्हा ताडून पाहायला लागतात.

सावध: या दोन आठवड्यांतच सुरक्षेची घडी बसवा. तुमच्या विद्यापीठात निरुपद्रवी वाटणारा विषय त्या शहरात जिव्हारी लागणारा असू शकतो. केंब्रिज विद्यापीठाचा पीएचडीचा विद्यार्थी जुलिओ रेजेनी कैरोमध्ये स्वतंत्र कामगार संघटनांवर, त्यातही फेरीवाल्यांच्या संघटनेवर काम करत होता. २०१६ च्या जानेवारीत तो बेपत्ता झाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मृतदेह सापडला, अंगावर छळाच्या खुणा होत्या. तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. म्हणून तिथं काम केलेल्या दोन संशोधकांना, आणि तिथल्याच एका माणसाला, तुमचा विषय मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. रोज ठरलेल्या वेळी एका व्यक्तीला निरोप द्या; निरोप चुकला तर किती तासांनी तिने कोणाला फोन करायचा, हे लिहून ठेवा. आणि जागा सोडावी असं आतून वाटलं तर कारण शोधत बसू नका, सोडा.

टप्पा ५: आत शिरणं

कुठल्याही जागेला दोन प्रकारचे दारवान असतात. एक कागदावरचा: व्यवस्थापक, संघटनेचा अध्यक्ष, वॉर्डातला अधिकारी. दुसरा खरा: ज्याने मान हलवली की बाकीचे बोलतात. पहिल्याची परवानगी लागतेच. पण त्याच्यासोबत आत पाऊल टाकलंत तर तुम्ही त्याचं माणूस ठरता, आणि ती ओळख पुसायला महिने जातात. परवानगी घ्या, आभार माना, आणि आत एकट्या जा.

खरा दारवान ओळखायचा कसा? नवं काही घडलं की सगळ्यांची नजर कोणाकडे जाते ते पाहा.

पहिल्या आठवड्यात जो माणूस आपणहून गळ्यात पडतो, सगळं समजावून सांगतो, त्याच्याशी प्रेमाने वागा पण त्याच्यावर सगळं उभं करू नका. बऱ्याचदा तो त्या समूहाच्या काठावरचा असतो. आतल्यांशी त्याचं पटलेलं नसतं, म्हणून बाहेरच्याजवळ मन मोकळं करतो. त्याचं म्हणणं खोटं नसतं, एका कडेवरून दिसलेलं असतं. माझ्या पहिल्या फील्डवर्कमध्ये अशाच एका बाईने मला दोन महिने सांभाळलं. तिच्या शेजारी बसते म्हणून बाकीच्या माझ्याशी बोलत नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. तिचं ऋण मी मानते, आणि ते दोन महिने गेले तेही खरं.

तुम्ही कोण आहात ते लपवू नका. अमेरिकन अँथ्रोपोलॉजिकल असोसिएशनच्या २०१२ च्या आचारतत्त्वांत सगळ्यात आधी 'अपाय करू नका' आहे आणि लगेच पुढे कामाबद्दल मोकळेपणा आणि प्रामाणिकपणा. एकदा सांगून भागत नाही. महिन्याभराने लोक विसरतात की तुम्ही लिहिता आहात, आणि नेमकं तेव्हाच बोलू लागतात. अधूनमधून वही दिसू द्या. 'हे लिहू का?' असं विचारा. नाही म्हणाले तर लिहू नका, रात्री खोलीवर जाऊनसुद्धा.

पैसे उसने, औषध, व्हिसाचा फॉर्म भरून देणं, अशा मागण्या येतील. काय द्याल आणि काय नाही हे आधी ठरवा. फॉर्म वाचून दाखवणं, सोबत जाणं, मुलांना शिकवणं यात तुमचा वेळ जातो आणि त्यांना खरोखर उपयोग होतो. रोख पैशाने नातं लवकर वाकडं होतं.

टप्पा ६: टिपणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. तासभर निरीक्षण केलं तर लिहायला निदान तितकाच वेळ, खरं तर जास्त. त्याच रात्री. झोप झाली की शब्द गळतात आणि अर्थ तेवढा राहतो, आणि अर्थ तर आपणच लावलेला असतो.

जागेवर फक्त तुटक शब्द लिहा, चार-पाच ओळींपेक्षा जास्त नाही. लाँड्रीतल्या बाकावरचं उदाहरण घ्या:

'७.४० – म्हातारी – खिडकीकडची मशीन – टॉवेल वर – तरुणी – "रिकामी आहे ना?" – कोणी बोललं नाही – दाराकडे गेली'

रात्री यावरून बहुतेक विद्यार्थी असं लिहितात: 'लाँड्रीत ज्येष्ठांचा जागेवरचा हक्क मानला जातो.' झालं, प्रसंग संपला, आणि त्यातून पुन्हा काही काढता येणार नाही. आता हे पाहा:

'सात चाळीसला निळ्या स्वेटरमधली, सत्तरीची वाटणारी बाई आत आली. पिशवी खाली न ठेवता तिने आधी घडी घातलेला टॉवेल खिडकीकडच्या मशीनवर ठेवला, मग नाणी सुटी करायला गेली. मशीन रिकामी, झाकण उघडं. दोन मिनिटांत एक तरुणी आली. मी तिला आधी पाहिलेलं नाही. टॉवेलकडे बघून म्हणाली, "रिकामी आहे ना?" कोणा एकाला विचारलं नाही. बाकावरचे दोघे मान खाली घालून होते. मीही गप्प राहिले. ती दाराकडच्या मशीनकडे गेली. त्या मशीनमधून पाणी गळतं, कालच या दोघांनी मला सांगितलं होतं.'

शेवटचं वाक्य बघा. इथं म्हातारीच्या हक्कापेक्षा मोठी गोष्ट घडली: नव्या मुलीला गळणाऱ्या मशीनबद्दल कोणी सांगितलं नाही, मला मात्र सांगितलं होतं. का? हा प्रश्न पहिल्या टिपणातून कधीच निघाला नसता.

वहीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, रंगाने किंवा समासाने: जे दिसलं-ऐकलं ते, त्यावरचा तुमचा विचार, आणि तुमची स्वतःची मनःस्थिती. भीती, चिडचिड, एकटेपणा तिसऱ्या रकान्यात लिहा. चिडलेल्या दिवशीची टिपणं चिडलेली असतात; पुढे वाचताना ते कळलं पाहिजे. लोकांचे शब्द त्यांच्याच भाषेत, अवतरणात. नुसता आशय आठवत असेल तर अवतरण नको.

फोटो काढाल तर फोनमधली स्थळनोंद बंद करा. नाव बदललं आणि फोटोत अक्षांश-रेखांश राहिले, असं सर्रास होतं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात मन खचतं. नवलाई संपते, भाषा पुढे सरकत नाही, आणि आपण उगाच आलो असं वाटतं. हे जवळजवळ प्रत्येकाला होतं. दोन दिवस सुट्टी घ्या, घरच्यांशी आपल्या भाषेत पोटभर बोला, आणि मग सगळी टिपणं पहिल्या पानापासून वाचा. कामाचा कंटाळा आला म्हणून या आठवड्यात मुलाखती सुरू करू नका. घाई याच दिवसांत होते.

तपासा: टिपणांत पुन्हा पुन्हा येणारी पाच माणसं आणि तीन प्रसंग सांगता येतात का? न पटणारी, कोड्यात टाकणारी निदान एक गोष्ट आहे का? नसेल तर अजून बसा.

टप्पा ७: पहिली मुलाखत

आता तुमच्याकडे विचारण्यासारखं काहीतरी आहे. 'तुम्हाला इथं परकं वाटतं का?' असा प्रश्न पाचव्या दिवशीही विचारता आला असता, आणि उत्तरही पाचव्या दिवसाचंच मिळालं असतं. 'नव्या माणसाला त्या मशीनबद्दल कोण सांगतं?' हे मात्र बाकावर बसल्याशिवाय सुचत नाही.

पहिल्या मुलाखतीसाठी सगळ्यात महत्त्वाचा माणूस निवडू नका. जिच्याशी सूत जुळलं आहे, जी चुका पोटात घालेल, अशी कोणी निवडा. जागा त्यांना ठरवू द्या. रेकॉर्डिंगची परवानगी रेकॉर्डर सुरू करण्याआधी घ्या आणि सुरू झाल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे होकार टेपवर राहील. चोरून रेकॉर्डिंग हा नैतिकतेचा प्रश्न तर आहेच. जर्मनीत तो फौजदारी गुन्हा आहे, आणि कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सगळ्यांची संमती लागते.

सुरुवात फेरफटक्याच्या प्रश्नाने करा: 'कालचा दिवस उठल्यापासून सांगा.' 'का' विचारू नका, 'कसं' आणि 'कधी' विचारा. 'का'ला माणसं स्वतःचं समर्थन करतात, 'कसं'ला गोष्ट सांगतात. गप्प बसायला शिका; मनात सात अंक मोजेपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा समोरचाच पुढे बोलतो. आणि रेकॉर्डर बंद केल्यावर लगेच उठू नका.

एक तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला सरावाच्या माणसाला चार ते सहा तास लागतात, परक्या भाषेत आणखी. म्हणून आठवड्याला दोनपेक्षा जास्त मुलाखती ठेवू नका, आणि मागची उतरवल्याशिवाय पुढची घेऊ नका.

त्या रात्री फाइल एन्क्रिप्ट करून दोन ठिकाणी ठेवा, रेकॉर्डरमधून पुसा. मुलाखतीचंही टिपण लिहा: खोलीत आणखी कोण होतं, कुठल्या प्रश्नाला आवाज बदलला, रेकॉर्डर बंद झाल्यावर काय घडलं. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या बाकावर जाऊन बसा, रेकॉर्डर न घेता. काल तुमच्याशी तासभर बोललेलं माणूस आज सगळ्यांदेखत तुम्हाला ओळख देतं की टाळतं, हे त्या दिवसाचं पहिलं टिपण.